वर पहिल्या फेरीची निवड का द्यावी लागते? एनएचएलमध्ये पगार उतरवण्याचा खरा हिशेब

प्रश्न असा आहे: जून २०१९मध्ये बर्फावरच्या हॉकीतल्या टोरांटो संघाने पॅट्रिक मार्लोसारखा नावाजलेला खेळाडू कॅरोलिना संघाला दिला. वर ड्राफ्टमधली, म्हणजे दरवर्षी संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू घेतात त्यातली, पहिल्या आणि सातव्या फेरीची एकेक निवड दिली, आणि बदल्यात घेतली फक्त सहाव्या फेरीची एक निवड. माणूसही द्यायचा आणि वर दक्षिणाही द्यायची, हे कसलं गणित? नको असलेला पगार दुसऱ्याकडे ढकलायचा काही ठरलेला भाव असतो का? आणि तो मोजणं कधी परवडतं?

मी गेली बारा-तेरा वर्षं टोरांटोत एका खेळाडू-एजंटाच्या कचेरीत करारांचे आकडे बघते. शिक्षण सीएचं, पुण्यातलं. हॉकी इथे आल्यावर शिकले. म्हणजे मी संघांच्या बाजूची नाही, खेळाडूंच्या बाजूची आहे. पुढचं सगळं त्या खुर्चीतून दिसलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ठरलेला भाव नाही. पगार किती आहे यावर किंमत ठरतच नाही. तुम्ही किती अडलेले आहात आणि ते समोरच्याला किती ठाऊक आहे, यावर ती ठरते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, एवढाच या बाजाराचा नियम. आणि व्यवहाराच्या दिवशी बातमीत जी किंमत येते ती सहसा खरी नसते. खरी कळायला चार-पाच वर्षं जातात.

आपल्या वाचकांना आयपीएलची पर्स माहीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. २०२५च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. तिथे खेळाडू नकोसा झाला की संघ त्याला मोकळा करतो आणि त्याच्यावर अडकलेली रक्कम लिलावासाठी पर्समध्ये परत येते. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या ३२ संघांच्या लीगमध्ये, हा दरवाजाच नाही. करार हमीचा असतो. खेळाडू चालेनासा झाला तरी त्याचा आकडा तुमच्या खात्यावर बसून राहतो, सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखा. आणि कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, कडक आहे. दंड भरला आणि ओलांडली, अशी सोय नाही. याच कॅपसाठी मालकांनी २००४-०५चा अख्खा हंगाम टाळं लावून घालवला होता. २००५-०६ला ती ३.९ कोटी डॉलरपासून सुरू झाली, २०१९-२०मध्ये ८.१५ कोटींवर पोचली.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक करार दोन वह्यांत लिहिला जातो. एक वही रोकडीची: या वर्षी खेळाडूच्या हातात किती पैसे पडणार. दुसरी कॅपची: कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, म्हणजे दरवर्षीची सरासरी. याच सरासरीला कॅप हिट म्हणतात. दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. कित्येक करारांत पगाराचा मोठा भाग १ जुलैला बोनस म्हणून देऊन टाकतात. म्हणजे २ जुलैला तोच खेळाडू रोकडीच्या वहीत स्वस्त झालेला असतो आणि कॅपच्या वहीत जसाच्या तसा महाग. पगार उतरवण्याचा सगळा बाजार या दोन वह्यांमधल्या फरकावर चालतो. श्रीमंत संघाला कॅपची जागा हवी असते, रोकड त्याच्याकडे मुबलक. गरीब संघाकडे जागा पडून असते, रोकड नसते. शिवाय कॅपला खालचीही मर्यादा आहे. ८.१५ कोटींच्या काळात ती ६.०२ कोटी होती, आणि तेवढा पगार वहीत दाखवावाच लागतो. म्हणून कागदावर जड आणि खिशाला हलका असा करार काही संघांना चक्क हवा असतो.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण पावेल डात्सुकचं. २०१६मध्ये त्याने डेट्रॉईट सोडून रशियात परतायचं ठरवलं. करारात एक वर्ष बाकी होतं, ७५ लाख डॉलरचं. करार पस्तिशीनंतर सुरू झालेला होता, त्यामुळे तो गेला तरी ते ७५ लाख डेट्रॉईटच्या कॅपवर राहणार होते. ॲरिझोनाने तो करार घेतला. न खेळणाऱ्या माणसाला पगार द्यायचा नव्हता, म्हणजे रोकड शून्य. आणि वहीत ७५ लाख, म्हणजे खालची मर्यादा गाठायला आयती मदत. त्यासाठी डेट्रॉईटने ड्राफ्टमधली १६वी निवड दिली, बदल्यात २०वी आणि ५३वी निवड घेतली आणि ॲरिझोनाचा जो व्हिटाले हा खेळाडू घेतला. ॲरिझोनाने १६व्या क्रमांकावर जेकब चिक्रन घेतला. डेट्रॉईटला २०वर डेनिस चोलोवस्की आणि ५३वर फिलिप ह्रोनेक मिळाले. ह्रोनेक उत्तम बचावपटू झाला, त्यामुळे या व्यवहारात डेट्रॉईट फसलं असं मी म्हणणार नाही.

पण पुढे बघा. मोकळ्या झालेल्या जागेत कोण आलं? स्टीव्हन स्टॅमकॉस येईल अशी तेव्हा जोरात चर्चा होती. त्याने १ जुलैच्या आधीच टॅम्पाशी नवा करार केला. मग डेट्रॉईटने फ्रान्स नील्सनला सहा वर्षांसाठी ३.१५ कोटी दिले. तेव्हा तो ३२ वर्षांचा. सप्टेंबर २०२१मध्ये, शेवटचं एक वर्ष बाकी असताना, डेट्रॉईटला त्यालाही पैसे देऊन मोकळं करावं लागलं. एक वर्षाचा बोजा उतरवला आणि त्या जागी सहा वर्षांचा चढवला. जागा करायला काय दिलं हे सगळे विचारतात. जागेत काय भरलं हे फार थोडे विचारतात. माझ्या मते किंमतीचा मोठा भाग तिथेच असतो.

आता मार्लो. जुलै २०१७मध्ये तो ३७ वर्षांचा होता तेव्हा टोरांटोने त्याला तीन वर्षांसाठी १.८७५ कोटी दिले, म्हणजे वर्षाला ६२.५ लाख. त्या वेळी हे जड वाटलं नाही, कारण ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर, विल्यम नीलँडर ही पोरं अजून पहिल्या करारावर होती, म्हणजे स्वस्त होती. दोन वर्षांत चित्र पालटलं. जॉन टवारेस १.१ कोटीला आला, मॅथ्यूजचा करार १.१६ कोटींवर गेला, नीलँडर सत्तर लाखांच्या आसपास बसला आणि मार्नरचा करार व्हायचा होता. तो सप्टेंबरमध्ये १.०९ कोटींना झाला. चौघांत मिळून निम्मी कॅप.

जून २०१९मध्ये टोरांटोसमोर वाटा किती होत्या ते पाहा. करार पस्तिशीनंतरचा, म्हणून बायआउट केला, म्हणजे पैसे देऊन करार मोडला, तरी कॅपवरचे ६२.५ लाख हटणार नाहीत. निवृत्त झाला तरी हटणार नाहीत. खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर करारात संमतीशिवाय कुठेही हलवता येणार नाही असं कलम, आणि त्यातून सुटणारी जागाही थोडी. ट्रेड ही एकच वाट, आणि तीही मार्लोच्या होकारावर. त्याचं कुटुंब सॅन होजेचं, जीव तिकडे ओढत होता. हे सगळं लीगमधल्या प्रत्येक जीएमला, म्हणजे संघाच्या व्यवस्थापकाला, पाठ होतं. दुकानात शिरायच्या आधीच खिशात किती आहेत आणि घरी काय अडलंय हे दुकानदाराला माहीत असावं, तशी गत.

कॅरोलिनाने घेतलं, कॅपवर पूर्ण ६२.५ लाख सोसले, मार्लोला बायआउट दिला, आणि तो पुन्हा सॅन होजेला जाऊन खेळला. त्याच्यासाठी चांगलंच झालं. टोरांटोने निवडीवर एक अट घातली होती: निवड पहिल्या दहांत आली तर ती आमच्याकडे राहील. ऑगस्ट २०२०मध्ये, कोविडनंतरच्या पात्रता फेरीत, टोरांटो कोलंबसकडून हरलं आणि हरलेल्या आठ संघांत पहिल्या निवडीची सोडत निघाली. प्रत्येकाला आठात एक संधी. चिठ्ठी टोरांटोची निघाली असती तर अटीप्रमाणे ती त्यांच्याकडेच राहिली असती. निघाली न्यूयॉर्क रेंजर्सची. टोरांटोची निवड १३वी ठरली आणि कॅरोलिनाने त्या जागी सेथ जार्विसला घेतलं. २०२३-२४मध्ये त्याने ३३ गोल आणि एकूण ६७ गुण (गोल अधिक गोलला दिलेले पास) केले. ऑगस्ट २०२४मध्ये कॅरोलिनाने त्याच्याशी आठ वर्षांचा ६.३२ कोटींचा करार केला. एका म्हाताऱ्या करारातलं एक वर्ष उतरवायची ही खरी किंमत: आठ वर्षं बांधून ठेवावासा वाटणारा पुढच्या फळीतला खेळाडू.

तरीही टोरांटोची चूक जून २०१९ची नव्हती असं माझं ठाम मत आहे. त्या महिन्यात दुसरा रस्ताच नव्हता. चूक जुलै २०१७ची, तिसऱ्या वर्षाची. दोन वर्षांचा करार असता तर हा व्यवहारच झाला नसता. पगार उतरवण्याची किंमत जवळजवळ नेहमी सही करतानाच ठरलेली असते. वसूल मात्र नंतर होते, आणि बरेचदा वेगळ्या जीएमकडून.

भावाच्या प्रश्नाकडे परत येते, कारण इथे बरेच जण "दर दहा लाखांमागे अमुक फेरीची निवड" असं कोष्टक करायला जातात. मीही सुरुवातीच्या वर्षांत केलं होतं. चालत नाही. मार्लोचं एक वर्ष, ६२.५ लाख: पहिल्या फेरीची निवड. जुलै २०२१मध्ये शेन गॉस्टिसबेहेर, ४५ लाख आणि दोन वर्षं, म्हणजे एकूण ९० लाख: फिलाडेल्फियाने ॲरिझोनाला फक्त दुसऱ्या आणि सातव्या फेरीच्या निवडी दिल्या. जुलै २०२२मध्ये गोलरक्षक पेट्र म्रॅझेक, ३८ लाख आणि दोन वर्षं: टोरांटोने शिकागोला २५वी निवड देऊन ३८वी घेतली, म्हणजे निवड गेली नाही, तेरा पायऱ्या खाली सरकली. हे आकडे कुठल्याही एका दरात बसवून दाखवा, बसणार नाहीत. फरक कशाने पडला? म्रॅझेक आणि गॉस्टिसबेहेर खेळू शकत होते, घेणाऱ्याच्या उपयोगाचे होते. गॉस्टिसबेहेरने तर त्याच हंगामात ॲरिझोनासाठी ५१ गुण केले. मार्लोच्या बाबतीत कॅरोलिना खेळाडू घेतच नव्हती, ओझं घेत होती.

आणि तारीख. कॅपचा भाव वर्षभर सारखा नसतो. ड्राफ्टच्या आठवड्यात वीस संघांकडे जागा असते. ऑगस्टात ती दोन-तीन संघांकडे उरते, आणि त्यांना ते माहीत असतं. ऑगस्ट २०२२मध्ये कॅल्गरीने हेच सोसलं. जुलैत जॉनी गॉड्रो कोलंबसला निघून गेला, दहा दिवसांत मॅथ्यू टकाचक फ्लोरिडाला द्यावा लागला, आणि मग नुकताच स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेला नाझेम काद्री मिळण्यासारखा होता: सात वर्षं, वर्षाला ७० लाख. जागा नव्हती. शॉन मोनाहनचं एक वर्ष बाकी होतं, ६३.७५ लाखांचं, आणि त्याच्या खुब्याच्या दुखण्याने सगळे साशंक. कॅल्गरीने तो माँट्रियालला दिला आणि सोबत पहिल्या फेरीची सशर्त निवड. बदल्यात म्हणण्यासारखं काहीच नाही.

पुढची गोष्ट आमच्या कचेरीत नव्या मुलांना मी नेहमी सांगते. मोनाहन बरा झाला. माँट्रियालने त्याच्याशी पुन्हा वर्षभराचा, कमी पैशांचा करार केला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्याला विनिपेगला दिलं. बदल्यात पहिल्या फेरीची निवड. म्हणजे एकच माणूस घेतानाही पहिल्या फेरीची निवड मिळाली आणि देतानाही. कॅल्गरीच्या त्या सशर्त निवडीच्या अटी इतक्या गुंतागुंतीच्या होत्या की तीन वर्षं ती कुठे पडणार हे सांगता येत नव्हतं. शेवटी ती २०२५ची १६वी निवड ठरली. माँट्रियालने ती आणि स्वतःची १७वी अशा दोन निवडी आणि एमिल हाइनेमन न्यूयॉर्क आयलंडर्सना देऊन नोआ डॉबसन आणला. लीगमधला अव्वल दर्जाचा बचावपटू. एका उन्हाळ्यापुरती रिकामी ठेवलेली जागा अशी फळाला आली.

काद्री कॅल्गरीत चांगला खेळला, हे खरं. पण जी घाई त्याच्यासाठी केली त्या घाईचं बिल तीन वर्षांनी आलं.

आता एक गोष्ट जवळून बघितलेली. काही वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या एका खेळाडूला त्याच्या संघाने असंच उतरवलं. संघाचं नाव सांगत नाही, खेळाडूचंही नाही. दुपारी फोन आला तेव्हा मी त्याच्या बोनसचा हप्ता बँकेत जमा झाला का ते तपासत होते. त्याने घराचं विचारलं नाही, कराचं विचारलं नाही. पहिला प्रश्न: "माझ्यासोबत काय दिलं त्यांनी?" मी सांगितलं, दुसऱ्या फेरीची निवड. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मागून त्याच्या धाकटीचा आवाज आला, नवीन गावात पोहायचा तलाव असेल का. तो "हो गं, असेल" म्हणाला आणि फोन ठेवला. आम्ही हिशेब करणारे त्या व्यवहारात त्याला वजा आकड्यात लिहितो. त्याने मात्र त्या संघासाठी मोडलेल्या बोटांनिशी खेळलेलं असतं. हे विसरून या विषयावर लिहू नये असं मला वाटतं.

म्हणूनच मला ब्रायन बिकेल आणि डेव्ह बोलंड एकत्र आठवतात. २४ जून २०१३, बॉस्टन, अंतिम मालिकेचा सहावा सामना. शिकागो एका गोलने मागे. ७६ सेकंद उरले असताना बिकेलने बरोबरी साधली. १७ सेकंदांनी बोलंडने विजयी गोल केला. स्टॅनली कप शिकागोचा. त्या १७ सेकंदांचे पैसे दोघांनाही मिळाले, मिळायलाच हवे होते. बिकेलला शिकागोनेच चार वर्षांचे १.६ कोटी दिले. बोलंडला पुढच्या उन्हाळ्यात फ्लोरिडाने पाच वर्षांचे २.७५ कोटी दिले. आणि २०१६च्या एकाच उन्हाळ्यात दोघेही ओझं म्हणून उतरवले गेले.

बिकेलचे ४० लाख, एक वर्ष. ते घ्यावेत म्हणून शिकागोने कॅरोलिनाला सोबत ट्यूव्हो टेराव्हायनन दिला, २१ वर्षांचा, आणि बदल्यात दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या निवडी घेतल्या. टेराव्हायनन पुढची आठ वर्षं कॅरोलिनाच्या वरच्या फळीत खेळला. २०१८-१९ला ७६ गुण. बोलंडचे वर्षाला ५५ लाख, तीन वर्षं. फ्लोरिडाने सोबत लॉसन क्राऊस दिला, आदल्याच वर्षी ११व्या क्रमांकावर निवडलेला. ॲरिझोनात तो हंगामाला २०पेक्षा जास्त गोल करणारा झाला. बोलंड दुखापतीने पुन्हा लीगमध्ये उतरलाच नाही. बिकेलचे पाय का साथ देत नाहीत हे नोव्हेंबर २०१६मध्ये कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. एप्रिल २०१७च्या शेवटच्या सामन्यात त्याने शूटआउटमध्ये गोल केला आणि खेळ थांबवला. ज्या खेळाडूला "पैसे घेऊन ढेपाळला" म्हणून शिकागोत बोल लावले गेले, तो बहुधा तेव्हाही आजारीच होता. करारांचे आकडे बघताना मी हे नाव अजून मनात ठेवते.

टेराव्हायनन जुलै २०२४मध्ये शिकागोला परत आला. तीन वर्षं, वर्षाला ५४ लाख. जे ४० लाख वाचवायला त्याला दिलं, त्याहून जास्त.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात, कारण "ट्रेडच का" हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. खालच्या लीगमध्ये पाठवलं तर कॅपवरून फार थोडी रक्कम उतरते. २०२४-२५मध्ये ती ११.५ लाख होती, बाकी पगार वहीतच. वेव्हर्सवर, म्हणजे बाकी संघांना उचलता येईल अशा यादीवर, ठेवून कुणी फुकट नेतो का पाहता येतं. टॅम्पाने २०२०मध्ये टायलर जॉन्सनला ठेवून पाहिलं, कोविडने गोठलेल्या कॅपमध्ये एकाही संघाने त्याला उचललं नाही. नऊ महिन्यांनी त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीची निवड द्यावी लागली. दीर्घ दुखापतीच्या यादीचा मार्गही (यादीतल्या खेळाडूच्या पगारापुरती कॅप ओलांडता यायची) टॅम्पानेच गाजवला: निकिता कुचेरॉव्ह २०२०-२१चा साखळी हंगाम खेळला नाही, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला परतला, आणि प्लेऑफमध्ये तेव्हा कॅपच लागू नव्हती. २०२५-२६पासून प्लेऑफलाही कॅप मोजतात, त्यामुळे ती फट बुजली. पगाराचा काही भाग स्वतःकडे ठेवून खेळाडू देता येतो, जास्तीत जास्त निम्मा. फेब्रुवारी २०२३मध्ये रायन ओरायली टोरांटोला आला तेव्हा सेंट लुईसने ५० टक्के ठेवले आणि मध्ये उभ्या राहिलेल्या मिनेसोटाने आणखी २५ टक्के, फक्त चौथ्या फेरीच्या एका निवडीसाठी. ७५ लाखांचा खेळाडू टोरांटोच्या वहीत १८.७५ लाखांचा झाला. हंगामाचे आठ आठवडे उरले होते, म्हणजे मिनेसोटाचा खर्च पाच-सहा लाखांच्या घरात. कॅप रोज मोजतात, त्यामुळे तीच जागा फेब्रुवारीत स्वस्त पडते आणि जुलैत महाग.

बायआउटवर मात्र थांबायला हवं, कारण लोकांना तो स्वस्त वाटतो. २६च्या पुढच्या खेळाडूला उरलेल्या पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम द्यायची, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. साधा करार असेल तर ठीक. पण मिनेसोटाने जुलै २०२१मध्ये झॅक पारिसे आणि रायन सूटर यांचे करार असे मोडले तेव्हा काय झालं बघा. ४ जुलै २०१२ला दोघांनी तेरा-तेरा वर्षांचे, ९.८ कोटींचे जुळे करार केले होते. रोकड आधीच्या वर्षांत भरभरून दिलेली, सरासरी मात्र ७५,३८,४६२ शेवटपर्यंत. वाचवायला पगार फारसा उरलाच नव्हता, आणि सरासरीतला फरक कॅपवर येऊन बसला. २०२२-२३मध्ये १.२७ कोटी, पुढची दोन वर्षं १.४७ कोटी. जे दोघं संघात नाहीत त्यांच्या नावावर. २०२३-२४ची कॅप ८.३५ कोटी होती; तिच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त जागा मिनेसोटाने रिकामी ठेवून सामने खेळले. त्यापायी ८५ गुण करणारा केव्हिन फियाला २०२२मध्ये लॉस एंजेलिसला द्यावा लागला. नशिबाने बदल्यात ब्रॉक फेबर आला, म्हणून ते तगले.

मग परवडतं कधी? व्हेगासकडे बघा. २०२१मध्ये त्याच वर्षी व्हेझिना, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार, जिंकलेला मार्क-आंद्रे फ्लेरी, ७० लाखांचा, त्यांनी जवळजवळ फुकट शिकागोला दिला. २०२२मध्ये मॅक्स पॅचोरेटी, तोही ७० लाखांचा, कॅरोलिनाला फुकट, वर डिलन कॉगलन. शहरात लोक हळहळले. पण दोन गोष्टी त्यांनी नीट केल्या. उतरवले ते खेळाडू अजून खेळण्यासारखे होते, त्यामुळे वर पहिल्या फेरीची निवड द्यावी लागली नाही. आणि जागा कशासाठी हवी हे आधी ठरलेलं होतं. जून २०२३मध्ये ते कप जिंकले. थोडा लवकर, खेळाडूला भाव असताना दिला तर दुःख होतं पण निवड वाचते. वर्षभर थांबलात तर दुःख तेवढंच होतं आणि निवडही जाते.

सध्या हा बाजार मंद आहे. जानेवारी २०२५मध्ये लीग आणि खेळाडू संघटनेने तीन हंगामांचे आकडे एकदम जाहीर केले: ९.५५ कोटी, १०.४ कोटी, ११.३५ कोटी. कॅप अशी चढती असली की जागा सगळ्यांकडेच असते आणि ओझं घ्यायचे पैसे कुणी फारसे मागू शकत नाही. तुमच्या आवडत्या संघाला एखादा जड करार उतरवायचा असेल तर हीच वेळ आहे. पण याच काळात उदार हाताने दिलेले आठ वर्षांचे करार पुढे बोजा होणार आहेत, आणि कॅप पुन्हा कधी थबकली तर २०२०-२१चे भाव परत येतील.

आणि वेळेवर न उतरवण्याचीही किंमत असते, ती एडमंटनने मोजली. जुलै २०२४, अंतिम मालिका सातव्या सामन्यात हरून जेमतेम आठवडा झालेला. एडमंटनने असेल ती जागा जेफ स्किनर आणि व्हिक्टर आर्विडसन यांच्यावर लावली. फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन होलोवे या स्वतःच्या दोन तरुणांचे करार नंतर बघू म्हणून ठेवले. १३ ऑगस्टला सेंट लुईसने दोघांनाही ऑफरशीट दिली, म्हणजे दुसऱ्या संघाच्या खेळाडूपुढे ठेवलेला करार; जुन्या संघाने तेवढेच पैसे द्यायचे, नाहीतर निवडींची भरपाई घेऊन खेळाडू सोडायचा: ब्रोबर्गला ४५,८०,९१७ आणि होलोवेला २२,९०,४५७. हे आकडे असे विचित्र का? भरपाईच्या टप्प्यांच्या अगदी शेवटच्या डॉलरवर ते बसवलेले होते. एक डॉलर जास्त दिला असता तर वरच्या टप्प्याची भरपाई द्यावी लागली असती. आयकराच्या स्लॅबवर नजर ठेवून पगार बसवतात ना, तसं. एडमंटनकडे सात दिवस होते आणि कॅप भरलेली. १८ तारखेला त्यांनी कोडी सीसीचे ३२.५ लाख सॅन होजेकडे उतरवले, सोबत तिसऱ्या फेरीची निवड देऊन. तरी २० तारखेला दोघेही गेले. हातात आल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडी. सीसीचा करार जुलैतच उतरवून दोघांशी सह्या उरकल्या असत्या तर ऑफरशीटला वावच नव्हता. होलोवेने त्या हंगामात सेंट लुईससाठी ६३ गुण केले. स्किनर आणि आर्विडसन पुढच्या जुलैत एडमंटनमध्ये नव्हते.